आरोग्य आणि सामाजिक आधाराच्या मराठी लेखांना टॅग कसे लावावेत?

ओवीबद्ध
नमस्कार मंडळी. एका मराठी संकेतस्थळाची आवराआवर चालू आहे. आजार, घरची शुश्रूषा, सरकारी योजना, दिव्यांगांचे दाखले, ज्येष्ठांचे प्रश्न असे साधारण ६०० लेख आणि टॅग मात्र १,३०० च्या वर! टॅगचा रकाना आजवर मोकळा होता, लिहिणाऱ्याच्या मनात येईल ते त्यात पडत गेलं. मधुमेहाचेच पाच अवतार आहेत: मधुमेह, मधूमेह, डायबेटीस, डायबिटीज, शुगर.

नमुन्यादाखल एकच लेख घेऊ. विषय: पक्षाघातानंतर घरी आणलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला-कमरेला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं. लेखात दाखल्याचा आणि योजनेचा ओझरता उल्लेख आहे. त्यावरचे टॅग: आरोग्य, काळजी, ज्येष्ठ, माहिती, महत्त्वाचे, टिप्स, लकवा, पॅरालिसिस, योजना, दिव्यांग, आई.

यातलं काय ठेवावं, काय काढावं, आणि मुख्य म्हणजे हे ठरवायचं कशावरून?

उंटावरचा
'आई' कुठून आली?

ओवीबद्ध
लेखात 'आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवा' असं वाक्य आहे. बहुधा तिथून.

रुमाल_टाकला
रुमाल टाकून ठेवते. सूचीकार काका आले की धागा पळेल.

सूचीकार
आलो. 'आरोग्य', 'माहिती', 'महत्त्वाचे', 'टिप्स' आधी काढा. आरोग्याच्या संकेतस्थळावर 'आरोग्य' हा टॅग म्हणजे मिठाच्या गोणीवर 'खारट' लिहिण्यासारखे. टॅगचे काम निवडायला मदत करणे. जो टॅग चौथा हिस्सा लेखांवर बसतो तो काहीच निवडत नाही; ज्यावर एकच लेख आहे तो टॅग नव्हे, लेखाचे दुसरे शीर्षक.

पुढचे काम शब्द बांधून घेण्याचे. ग्रंथालयात तालिकेला 'पाहा' नोंदी असतात: 'लकवा, पाहा: पक्षाघात'. एका कल्पनेला एकच अधिकृत शब्द, बाकीचे सगळे पर्यायी. पर्यायी शब्द फेकायचे नाहीत, ते मागच्या बाजूला जोडून ठेवायचे. वाचकाने 'पॅरालिसिस' टाकले तरी त्याच पानावर पोचला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'मेश' ही शब्दसूची १९६० पासून हेच करते आहे. मुख्य शब्द सुमारे तीस हजार, आणि प्रत्येकाखाली लोक वापरतात ते इतर शब्द.

मेशमधली आणखी एक युक्ती उचलण्यासारखी आहे. काही खुणा अशा आहेत की प्रत्येक लेखाबाबत त्या लागू आहेत का हे विचारायचेच: वयोगट, स्त्री की पुरुष, गर्भावस्था वगैरे. टॅग लावणाऱ्याला आठवण्यावर सोडायचे नाही, समोर चौकटी ठेवायच्या. तुमच्याकडे 'कोणासाठी' आणि 'कुठल्या टप्प्यावर' या दोन चौकटी अशा सक्तीच्या करा.

ठोकताळा
माझा विरोधी सूर. शोधपेटी चांगली असेल तर टॅगची ही उठाठेव कशाला? लोक सरळ गूगलवरून येतात.

पाटीपेन्सिल
@ठोकताळा, शोधपेटीला मराठी येतं का, ते आधी बघा. 'मूल' लिहिलं तर 'मुलाला' सापडतं का? 'डोळा' लिहिलं तर 'डोळ्यांत'? 'मूत्रपिंड' टाकून 'मूत्रपिंडाच्या'पर्यंत बहुतेक यंत्रं पोचतात, कारण सुरुवातीची अक्षरं तीच राहतात. पण 'मूल'चा ऊ ऱ्हस्व होतो आणि 'डोळा'चं 'डोळ्या' होतं, तिथे नुसतं अक्षरं जुळवणारं यंत्र गप्प बसतं. सामान्यरूप न ओळखणाऱ्या शोधपेटीत मराठी लेख अर्धे हरवलेले असतात. टॅग एकाच रूपात असतो म्हणून तो वाचवतो.

त्यातही नियम हवा. 'मूल', 'मुले', 'लहान मुले', 'बालक' यांतलं एक ठरवा. माणसांच्या गटांना अनेकवचन (लहान मुले, गरोदर स्त्रिया, काळजी घेणारे), आजार आणि अवयव एकवचनात. उलटं ठरवलंत तरी चालेल, पण दोन्ही नको.

दवाखाना_रोड
'पाहा' नोंदींबद्दल सूचीकारांशी सहमत, पण एक धोका आहे. काही मराठी शब्द एकाच जागी नेऊन सोडता येत नाहीत.

'पित्त' घ्या. पित्त झालंय म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. अंगावर पित्त उठलंय म्हणजे खाज आणि गांधी. आणि पित्ताशयातले खडे, ज्यांची सोनोग्राफी होते आणि पुढे कधी शस्त्रक्रियाही, ते तिसरंच. 'पित्त' हा टॅग आम्लपित्ताला जोडलात तर बाकीचे दोघे चुकीच्या दारात.

त्याहून वाईट 'झटका'. हृदयविकाराचा, मेंदूचा आणि आकडीचा, तिन्ही झटकेच, चौथा विजेचा. तिन्ही आजारांत पहिल्या तासाला करायच्या गोष्टी वेगळ्या. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात. आकडीत रुग्णाला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही.

अशा शब्दांना टॅग करूच नका. त्यांचं एक फाटा-पान करा: 'तुम्हाला यातलं काय म्हणायचंय?' आणि खाली लक्षणांच्या भाषेत तीन-चार दारं. 'आम्लपित्त / शीतपित्त / पित्ताश्मरी' असं लिहून तिथे भाषाशुद्धी करू नका, 'छातीत जळजळ / अंगावर गांधी / पित्ताशयात खडे' असं लिहा. 'वात' आणि 'संधिवात' याच यादीत घाला. गुडघ्याची झीज, आमवात आणि गाऊट हे तिन्ही घरी 'वात'च असतात.

उंटावरचा
'गांधी' पर्यायी शब्द म्हणून जोडलात तर २ ऑक्टोबरला आकडे बघा. हलके घ्या.

दवाखाना_रोड
हसू नका, म्हणूनच नुसतं 'गांधी' नाही, 'अंगावर गांधी' असा दोन शब्दांचा पर्याय जोडायचा.

ठोकताळा
पाटीपेन्सिल, सामान्यरूपाचा मुद्दा मान्य, माघार घेतो. आता माझ्या बाजूची घाण दाखवतो, कारण पाच 'मधुमेह' डोळ्यांना दिसतात, दोन 'ॲनिमिया' दिसत नाहीत.

'ॲ' दोन प्रकारे टंकला जातो. एक स्वतंत्र अक्षर म्हणून, यूनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ०९७२. दुसरा 'अ' वर चंद्र देऊन, ०९०५ अधिक ०९४५. पडद्यावर सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ॲनिमिया, ॲलर्जी, ॲसिडिटी, ॲम्ब्युलन्स, सगळ्यांची जुळी भावंडं तुमच्या यादीत असणार. यूनिकोडचं ठरीव सामान्यीकरण (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं) या दोघांना एक करत नाही. तो बदल स्वतः लिहावा लागतो.

तसंच 'अपुऱ्या दिवसांचे बाळ' यातला अर्धा र. काही कळफलक ०९३१ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. सामान्यीकरण इथेही कामाचं नाही. शिवाय वर्डमधून चिकटवताना शब्दाच्या शेवटी न दिसणारी जोडचिन्हं आणि जादा जागा येतात.

क्रम असा ठेवा: सगळे टॅग लेखसंख्येसह तक्त्यात उतरवा, वरचे बदल चालवा, मग वर्णक्रमे लावून डोळ्यांनी बघा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिथेच सापडतात, मग एकत्रीकरण, आणि जुन्या टॅगच्या पत्त्यावरून (यूआरएलवरून) नव्यावर कायमचं वळण. हे शेवटचं विसरलात तर गूगलमधले जुने दुवे मरतात. आणि आधी विदागाराची (डेटाबेसची) प्रत काढा. एकत्र केलेले टॅग पुन्हा सुटे करता येत नाहीत, कुठला लेख कुठून आला हे कुणालाच माहीत नसतं.

ओवीबद्ध
ॲलर्जीवर दोनदा शोधलं. खरंच दोन आहेत! 😐 संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालतं, अजून काही खड्डे?

ठोकताळा
आहे ना. टॅगच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीतलं एक चिन्ह (काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे) पत्त्यात ९ जागा खातं. म्हणजे २२ चिन्हांत खेळ खलास. 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' याचा पत्ता '...फुले-जन-आ' वर तुटतो. त्याच नावाने सुरू होणारा दुसरा टॅग केलात की त्याला मागे '२' लागतं आणि कुठला कुठला ते पत्त्यावरून कळत नाही. दिसणारं नाव मराठीत ठेवा, पत्ता रोमन लिपीत आखूड, हाताने लिहिलेला.

सातबारा
योजनांच्या टॅगवर मला बोलायचंय, कारण तिथे सगळ्यात लवकर शेवाळ धरतं.

योजनेचं नाव हा टॅगचा पाया करू नका, गरज हा पाया करा. 'शस्त्रक्रियेचा खर्च', 'दरमहा निवृत्तिवेतन', 'उपचारकाळातला आहार' हे टिकतात. योजनेचं नाव त्याखाली. राजीव गांधी जीवनदायी योजनेचं २०१७ मध्ये नामांतर झालं, पण लोकांच्या तोंडी अजून 'जीवनदायी'च आहे, म्हणजे तो पर्यायी शब्द राहिलाच पाहिजे. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये 'नियंत्रण' सोडून 'निर्मूलन' झालं.

रक्कम टॅगमध्ये कधीच नको. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिना ५०० रुपये मिळायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. 'महिना ५०० रुपये' असा टॅग कुणी केला असेल तर तो आज खोटं बोलतोय. आणि 'जुने', 'अद्ययावत', '२०२३' हेही टॅग नव्हेत. 'शेवटचं तपासलं' असा तारखेचा वेगळा रकाना करा, योजनांचे लेख दर सहा महिन्यांनी त्या तारखेवरून चाळा.

जिल्हे? टॅग करू नका. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, नावं बदलतात. केंद्राच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक आहे, तो साठवा आणि नाव त्यावरून दाखवा.

मांडवी_काठ
गोव्यातून हजेरी. सातबारांचं सगळं खरं, पण 'राज्य' ही चौकट विसरलात. इथला मराठी वाचक 'शस्त्रक्रियेचा खर्च' वर टिचकी मारतो आणि महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेची कागदपत्रं गोळा करायला लागतो. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, निकष वेगळे, कार्ड वेगळं. बेळगावकराची अडचणही तीच. आजाराच्या लेखाला राज्य नको, योजनेच्या लेखाला राज्य सक्तीचं. रिकामं ठेवलं तर लेख जतनच होऊ नये.

निंबोणी
शब्दांच्या मानाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. यादीत 'अपंग', 'मतिमंद', 'महारोगी' असणार. दिसणाऱ्या टॅगमध्ये 'दिव्यांग', 'बौद्धिक अक्षमता', 'कुष्ठरोग'. पण जुने शब्द पुसू नका, फक्त झाका. गावातला बाप आजही 'मतिमंद दाखला' असंच शोधतो, आणि आपल्या शुद्ध शब्दांपायी त्याला काहीच सापडलं नाही तर शिक्षा त्याला.

दिव्यांगत्वाचे पोटप्रकार मनाने पाडू नका. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिलेत (१९९५ च्या कायद्यात सातच होते), तीच नावं घ्या. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स त्या यादीत आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. त्या आजारांच्या लेखांवर 'दिव्यांगत्व प्रमाणपत्र' हा टॅग मुद्दाम हवा. टॅगचा खरा उपयोग हाच. वाचकाला जे शोधायचं सुचलंच नसतं ते शेजारी दिसतं.

दुसरं, टॅग दिसतो कुठे? घरात एकच फोन असतो. 'एचआयव्ही', 'गर्भपात', 'घरातील हिंसा' यांची टॅगपानं फोनच्या इतिहासात नावानिशी राहतात, दुवा पाठवला तर व्हॉट्सॲपवर शीर्षक उघडं दिसतं. अशा आठ-दहा टॅगांच्या पत्त्यात शब्दाऐवजी क्रमांक ठेवा, टॅगपानाचं शीर्षकही साधंच. 'संबंधित लेख' आपोआप उचलणाऱ्या चौकटीतून त्यांना वगळा. गोवराच्या लसीच्या लेखाखाली हिंसेचा लेख नको.

दवाखाना_रोड
निंबोणीताईंना दुजोरा. त्यातच आणखी एक: काही टॅग नुसती चिठ्ठी नसतात, विजेची कळ असते. 'आत्महत्येचे विचार' हा टॅग लागला की लेखाच्या वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आपोआप आला पाहिजे. 'लहान मुलांचा छळ' लागला की १०९८, 'महिलांवरील हिंसा' ला १८१, 'ज्येष्ठांची उपेक्षा' ला १४५६७. संपादकाने आठवणीने क्रमांक टंकायचा नाही. एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो.

पण मग कळीचे टॅग लावायचा अधिकार दोघांनाच द्या. कुणी 'ताणतणाव' च्या जागी 'आत्महत्येचे विचार' लावलं तर परीक्षेच्या अभ्यासाच्या लेखावर तो लाल चौकोन येतो. दहा ठिकाणी उगाच आला की अकराव्या, खऱ्या ठिकाणी कुणी बघत नाही.

उंटावरचा
अवांतर: '१०८' टॅग केलात तर अर्धी जनता मणी मोजायला येईल.

रुमाल_टाकला
मला एक शंका. हे सगळं ठरवलं तरी लावणारी माणसंच वेगवेगळी. एकाला 'घरची शुश्रूषा' वाटतं ते दुसऱ्याला 'पुनर्वसन'. मग?

सूचीकार
रास्त शंका. प्रत्येक टॅगला दोन ओळींची टीप लागते: कशाला लावायचा आणि कशाला नाही. 'पुनर्वसन: गेलेली क्षमता परत आणण्यासाठीचे व्यायाम, उपचार, साधने. नुसती स्वच्छता, जेवण, कुशीवर वळवणे यांना नाही. त्यांना घरची शुश्रूषा.' 'नाही' ची ओळ जास्त कामाची.

टीप नीट आहे का हे असे तपासा. २० लेख घ्या, दोघांना वेगवेगळे बसवून टॅग लावायला सांगा, मग शेजारी ठेवा. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे माणसांना दोष देऊ नका, टीप दुरुस्त करा. दोघेही गोंधळले तर बहुधा ते दोन टॅग मुळात एकच आहेत.

नवा टॅग थेट कुणी करू नये. सुचवण्याची एक वही असावी, आणि पाच लेख होतील असे दिसले की मगच मंजूर. उलट पर्यायी शब्द मात्र मुक्तहस्ते घ्या. दर महिन्याला शोधपेटीची नोंद उघडा, 'काही सापडले नाही' अशा शोधांची यादी काढा. ती यादी म्हणजे तुमच्या वाचकाची खरी भाषा.

आणि एकाच झाडावर सगळे टांगू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण (पुस्तकांचे विषय पैलूंनी मांडण्याची पद्धत) मांडले, त्याचे गाजलेले उदाहरण योगायोगाने क्षयाचेच आहे: फुफ्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, भारत, १९५०. एकच विषय, पण अवयव, आजार, कृती, साधन, देश, काळ हे पैलू सुटे. तुमच्याकडे चार पैलू पुरेत: आजार किंवा अवस्था, गरज, कोणासाठी, टप्पा. योजनेच्या लेखाला राज्य हा पाचवा.

ठोकताळा
काका, चारही पैलू एकाच टॅगच्या रकान्यात कोंबू नका असं ठळक लिहा. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक पैलूचं वेगळं वर्गीकरण नोंदवता येतं. मग 'पक्षाघात + काळजी घेणारे' अशी जोडगाळणी करता येते. एका रकान्यात घातलंत तर सहा महिन्यांत पुन्हा १,३००.

ओवीबद्ध
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आता माझ्या त्या लेखाकडे याल का? अकरा टॅग तसेच लोंबकळताहेत.

सूचीकार
आजार: पक्षाघात (लकवा, पॅरालिसिस, अर्धांगवायू, स्ट्रोक हे पर्यायी). गरज: शय्याव्रण, घरची शुश्रूषा. कोणासाठी: काळजी घेणारे. टप्पा: रुग्णालयातून घरी आल्यावर. संपले.

'ज्येष्ठ' काढा. पक्षाघात चाळिशीतही होतो आणि लेखात वयाबद्दल काही नाही. 'योजना' आणि 'दिव्यांग' काढा. एका वाक्यात उल्लेख आहे म्हणून लेख त्या विषयाचा होत नाही. त्या वाक्यातून संबंधित पानाला दुवा द्या.

निंबोणी
'दिव्यांग' काढायला माझा विरोध! पक्षाघाताने हातपाय गेलेल्याला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. घरच्यांना ते माहीतच नसतं. मी आधी म्हटलं तेच, न सुचलेलं शेजारी दिसायला हवं.

सूचीकार
ते 'पक्षाघात' या टॅगच्या पानावर वर कायमचे चिकटवा: 'पक्षाघातानंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र'. प्रत्येक लेखावर नको. नाहीतर 'दिव्यांगत्व प्रमाणपत्र' उघडणाऱ्याला कुशीवर वळवण्याचा लेख दिसतो.

निंबोणी
चालेल. पण मग सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या टॅगपानांवरही तसंच चिकटवा, माझा आधीचा सल्ला मागे.

दवाखाना_रोड
काका, बाकी मान्य, पण 'शय्याव्रण' कोण म्हणतं हो? डॉक्टर म्हणत नाही, नर्स म्हणत नाही, डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. घरी नेताना नर्स सांगते, 'बेडसोर होऊ देऊ नका.' सून फोनवर तेच टाकते. दिसणारा टॅग 'बेडसोर' ठेवा.

सूचीकार
मराठी शब्द असताना इंग्रजी पुढे करायचा?

पाटीपेन्सिल
'अंथरुणातल्या जखमा' मराठीच आहे की. पण अर्धे वाचक तेही टाकणार नाहीत. शोधनोंद बघून ठरवा, इथे मतदान नको.

ओवीबद्ध
आत्ता नोंद उघडली. 'शय्याव्रण' एकदाही नाही. 'पाठीला जखम', 'अंथरुणावर जखमा' तुरळक. 'बेडसोर' सगळ्यात जास्त. 'आईला बेडसोर' सुद्धा आहे.

उंटावरचा
म्हणजे 'आई' टॅग अगदीच बिनबुडाचा नव्हता!

सूचीकार
ठीक. दिसायला 'बेडसोर', पर्यायी 'शय्याव्रण'. 'आई' तरीही नाही. 'आईला बेडसोर' टाकणारीला 'काळजी घेणारे' ही गाळणी सापडली पाहिजे, ते तिथे जोडा.

ठोकताळा
'बेडसोर' की 'बेडसोअर'?

सूचीकार
दुसरा पर्यायी.

ठोकताळा
आणि 'बेड सोर', सुटं?

सूचीकार
तोही.

ओवीबद्ध
नोंदीत 'बेडशोर' पण आहे.

सूचीकार
घ्या.